इमारतींची गुणपत्रिका



ज्या शाळेच्या बाकांवर बसून मी अकरावीपर्यंत शिकलो, त्या शाळेने मला आज व्यासपीठावर बोलवावे, आणि तेही ज्यांनी मला गणित शिकवले त्या सरांच्या स्मृतिदिनी, हा मी माझा बहुमान समजतो. या व्याख्यानमालेत यापूर्वी साहित्यिक, इतिहाससंशोधक आणि शिक्षणतज्ज्ञ बोलून गेले आहेत. मी त्यांपैकी कोणीच नाही. बत्तीस वर्षे एका सरकारी बांधकाम खात्यात काढलेला मी एक स्थापत्य अभियंता. त्यामुळे विषय निवडताना माझी धाव इमारतींच्या पलीकडे गेली नाही. सार्वजनिक इमारती अपंग व्यक्तींना कितपत वापरता येतात, आणि हे ‘कितपत’ मोजायचे कसे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. विषय रुक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याच्याशी सरांचा संबंध आहे आणि माझ्या एका सहीचाही आहे. म्हणून त्या सहीपासूनच प्रारंभ करतो.

तत्पूर्वी एक शब्दाचा खुलासा. १९९५ च्या कायद्याच्या मराठी नावात ‘अपंग’ हा शब्द होता, २०१६ च्या कायद्याच्या नावात ‘दिव्यांग’ आला. मधल्या काळात ‘विकलांग’ही प्रचारात होता. या शब्दांवरून पुष्कळ वाद झाले आहेत. मी जुन्या वळणाचा माणूस, माझ्या तोंडी ‘अपंग’ बसला आहे. कोणास तो टोचल्यास क्षमा असावी. दारात पायरी असली की तिन्ही शब्दांच्या माणसाला ती सारखीच अडते.

१९८४ साली मी एका सरकारी कचेरीचे नकाशे केले. कचेरीचे नाव घेण्याचे कारण नाही. बडोद्यात तशा अनेक आहेत. जोते साडेतीन फूट धरले, समोर सहा इंचांच्या सात पायऱ्या काढल्या. उंच जोत्याला आमच्याकडे कारणही सबळ असते. विश्वामित्रीचे पाणी कुठवर येते हे या सभागृहात कोणास सांगावयास नको. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपण सर्वांनी ते पुन्हा पाहिले. ओल, चिखल, साप-विंचू यांपासून घर वर उचलण्याची आपली रीत फार जुनी. त्यात पुढे रुबाबाची भर पडली. कचेरी म्हटली की ती चढूनच जायची असते, अशी एक समजूत आम्हा बांधकाम करणाऱ्यांच्या हाडीमाशी खिळलेली होती. नकाशावर सात रेघा ओढताना त्या कोण चढणार याचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही.

पुढे अपंग व्यक्तींसाठी समान संधी, हक्कांचे संरक्षण व संपूर्ण सहभाग यांचा १९९५ चा कायदा झाला आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आला. सार्वजनिक इमारतींत उतार असावेत, शौचालये चाकांच्या खुर्चीला योग्य असावीत, लिफ्टमध्ये ब्रेल खुणा व ध्वनिसंकेत असावेत, असे त्याच्या ४६ व्या कलमात होते. त्याच कलमात ‘आर्थिक क्षमतेच्या व विकासाच्या मर्यादेत राहून’ अशा अर्थाचे शब्दही होते. ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे त्यांना अशा शब्दांची किंमत ठाऊक असते. १९९७ साली आमच्याकडे एक परिपत्रक आले. त्यासोबत तक्ता होता. पहिलाच प्रश्न : इमारतीस उतार आहे काय? उत्तरे दोनच, होय किंवा नाही. मी घाईघाईने इमारतीच्या बाजूला सिमेंटचा चौदा फुटांचा उतार बांधून घेतला, ‘होय’ या शब्दासमोर खूण केली आणि सही ठोकली. ती कचेरी त्या दिवशी कागदोपत्री उत्तीर्ण झाली.

१९९९ च्या नोव्हेंबरात सरांना निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. आदल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. वाचा शाबूत, बुद्धी तर पूर्वीपेक्षाही धारदार, पण उजवा पाय गेलेला. त्यांचे चिरंजीव मला म्हणाले, “दादा, कचेरी तुमच्या ओळखीची आहे, बरोबर याल का?” मी मोठ्या उमेदीने गेलो. उतार बांधलेलाच होता! आम्ही दोघांनी सरांची खुर्ची त्यावर चढवायला घेतली. पाच-सहा फूट गेलो असू, तोच पुढची चाके अधांतरी झाली आणि खुर्ची मागे कलली. कठडा नव्हता. आम्ही दोघे धडधाकट माणसे घामाघूम होऊन ती खुर्ची उलट्या पावली खाली घेऊन आलो. तेवढ्यात आतून एक कारकून धावत आला. “दादा, तमे अहीं ज बेसो, हुं सही लेवा बहार आवुं छुं,” असे म्हणून त्याने पुठ्ठा, कागद, पेन सगळे बाहेर आणले. सरांनी डाव्या हाताने मांडीवर सही केली. तो कारकून फार सज्जन होता, हे मला मुद्दाम सांगितले पाहिजे.

सर उताराकडे पाहत होते. मग त्यांनी विचारले, “हा कोणी बांधला रे?”

“मीच, सर.”

“उंची?”

“साडेतीन फूट.”

“आणि लांबी?”

“चौदा.”

“म्हणजे चारास एक. पाहिजे किती?”

बारास एक पाहिजे, हे मला माहीत होते. भारतीय मानकाची प्रत आमच्या कचेरीतल्या कपाटात होती. मी म्हणालो, “बारास एक, सर. बेचाळीस फूट लांबी लागली असती.”

“अंगण किती आहे?”

“साठ फुटांहून जास्त.”

सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तुझं गणित चुकलेलं नाही. तू उदाहरण सोडवलंच नाहीस.” परतताना रिक्षात ते इतकेच म्हणाले, “पुढच्या वर्षीही मी येणार. सहीसाठी नव्हे, आत कसं आहे ते बघायचंय.”

सर त्यानंतर चार वेळा आले. चारही वेळा सही अंगणातच झाली. उतार पाडून नवा बांधण्याचा प्रस्ताव मी पाठवला होता. अंदाजपत्रक दोनदा परत आले आणि मग माझी बदली झाली. २००४ साली सर गेले. मी काढलेली ती इमारत आतून कशी आहे, हे त्यांनी पाहिले नाही. हल्ली २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ योजनेमुळे हयातीचा दाखला घरबसल्याही देता येतो. सोय उत्तमच आहे. पण सरांना दाखला घरी पोहोचवायचा नव्हता, त्यांना कचेरीत जायचे होते, आणि या दोन गोष्टी सरकारी टिपणीत नेहमी एकच धरल्या जातात, हे मी पाहत आलो आहे.

२००७ मध्ये निवृत्त झाल्यावर आम्ही काही माजी विद्यार्थ्यांनी मोजपट्टी आणि पाणसळ घेऊन इमारती तपासायला सुरुवात केली. आमच्याबरोबर एक चाकांची खुर्ची वापरणारे गृहस्थ असत, एक अंध शिक्षिका असत. प्रारंभी आम्ही शंभर गुणांचा तक्ता केला. फाटकाला इतके गुण, उताराला इतके, दरवाजाला इतके, शौचालयाला, पाण्याच्या नळाला, पाट्यांना इतके. शेवटी बेरीज. तक्ता फार देखणा होता. तो पहिल्याच आठवड्यात निकामी ठरला.

कसा, ते सांगतो. एका इमारतीला आमच्या तक्त्यावर पहिल्या वर्गाचे गुण मिळाले. उतार अगदी मापात, दोन्ही बाजूंना कठडे, दरवाजे नव्वद सेंटिमीटर रुंद, लिफ्टच्या बटणांवर ब्रेल, आत खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा, खिडकीचा ओटा बसल्या माणसाच्या हाताशी येईल असा. फक्त शौचालयाला कुलूप होते आणि किल्ली ज्यांच्याकडे ती व्यक्ती रजेवर होती. आमच्यातले खुर्चीवाले गृहस्थ म्हणाले, “मी सकाळपासून पाणी प्यालेलो नाही. कुठेही जायचे असले की पीत नाही.” म्हणजे त्या पहिल्या वर्गाच्या इमारतीत ते तासाभराहून अधिक थांबू शकत नव्हते. दुसऱ्या एका इमारतीत आत सर्व ठाकठीक होते, पण रस्ता आणि फाटक यांच्यामध्ये उघडे गटार होते. त्या इमारतीचे आतले सगळे गुण गटाराच्या पलीकडेच राहिले.

माणूस इमारतीत जातो तेव्हा तो एका ओळीने जातो. रस्त्यावरून फाटक, फाटकातून अंगण, अंगणातून दार, मग खिडकी, जिना किंवा लिफ्ट, शौचालय, आणि पुन्हा बाहेर. आग लागली तर हाच प्रवास धुरातून आणि लिफ्ट बंद असताना करावा लागतो. या वाटेत एका ठिकाणी अडले की पुढचे सारे व्यर्थ. सरासरी काढली की नेमके हेच झाकले जाते. आपल्या शाळेतली जुनी पद्धत आठवा. गणितात नव्वद आणि इंग्रजीत बारा गुण मिळालेल्या मुलाला एकूण टक्केवारी दाखवून वरच्या वर्गात ढकलत नसत. प्रत्येक विषयात किमान गुण लागत. सर तर सवलतीच्या गुणांच्या सक्त विरोधात होते, हे येथे बसलेल्यांपैकी काहींना फार चांगले स्मरत असेल!

म्हणून आम्ही तक्ता फाडला आणि नवा केला. वाटेतला सर्वांत वाईट टप्पा जो असेल, तोच इमारतीचा गुण. पुढे कळले की इतरत्रही विचार याच दिशेने गेला होता. बर्लिनमध्ये २०१० साली राउल क्राउटहाउझेन या स्वतः चाकांची खुर्ची वापरणाऱ्या कार्यकर्त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी ‘व्हीलमॅप’ नावाचा नकाशा सुरू केला. त्यात गुण नाहीत, रंग आहेत. दारात पायरी नाही आणि आतल्या सर्व खोल्यांत पायरीविना जाता येते, तर हिरवा. दारात एकच, सुमारे सात सेंटिमीटरपर्यंतची पायरी आणि मुख्य खोल्या गाठता येतात, तर पिवळा. नाही तर तांबडा. जिथे कोणी जाऊन पाहिलेले नाही तिथे करडा. हा करडा रंग मला विशेष आवडला. न पाहता ‘होय’ लिहिण्याची सोय त्यात नाही.

मात्र येथे एक गाठ आहे आणि ती मी आपल्यापासून लपवू इच्छित नाही. आतापर्यंत मी ज्या अडचणी सांगितल्या त्या बहुतेक चाकांच्या खुर्चीच्या होत्या, कारण त्या मोजपट्टीने मोजता येतात. अंध व्यक्तीला सात पायऱ्यांचे भय नसते; सलग, सारख्या उंचीच्या, कठडा असलेल्या पायऱ्या ती सहज चढते. तिला भय असते डोक्याच्या उंचीवर लोंबणाऱ्या पाटीचे, उघड्या खड्ड्याचे, आणि दिशा न कळणाऱ्या मोकळ्या दालनाचे. १९६७ साली जपानमधील ओकायामा शहरात सेइइची मियाके यांनी कल्पिलेल्या उठावाच्या फरश्या प्रथम बसवल्या गेल्या. आज त्या आपल्या रेल्वे स्थानकांवरही पिवळ्या रंगात दिसतात. लांब रेघा म्हणजे चालत राहा, गोल टिंबे म्हणजे थांबा, पुढे धोका किंवा वळण आहे. आमच्या शिक्षिका एकदा अशाच रेघांवरून विश्वासाने चालत गेल्या आणि विजेच्या खांबावर आदळल्या. ज्याने फरशी बसवली त्याच्या लेखी ती पिवळी नक्षी होती. आमच्या तक्त्यात मात्र त्या दिवशी ‘स्पर्शमार्ग : आहे’ अशी नोंद झाली होती, आणि ती माझ्याच हातची होती! म्हणजे १९९७ पासून मी फारसा सुधारलो नव्हतो.

कधी कधी एकाची सोय दुसऱ्याची अडचणही होते. पदपथाची कड रस्त्याच्या पातळीला आणली की खुर्ची सुखाने उतरते. पण पांढऱ्या काठीला पदपथ कुठे संपला ते समजत नाही. स्वतः पोलिओग्रस्त असलेले इंग्लंडमधील वास्तुविशारद सेल्विन गोल्डस्मिथ यांचा १९६३ सालचा ग्रंथ या विषयातला आद्य ग्रंथ मानला जातो, आणि कडा उतरत्या करण्याच्या आरंभीच्या प्रयोगांशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. त्या वाटेने पुढे जाताना जगाला हा विरोध सोडवावा लागला. उतरत्या कडेवर टिंबांची फरशी, हे त्याचे उत्तर. बहिऱ्या माणसाचा प्रश्न याहून निराळा. तो कोठेही पोहोचतो, परंतु त्याच्या नावाचा पुकारा झालेला त्याला ऐकू येत नाही आणि तो दिवसभर बाकावर बसून राहतो. तिथे हवा असतो नंबर दाखवणारा फलक. १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते, २०१६ च्या कायद्याने एकवीस मानले. या सर्वांचा मिळून एकच आकडा काढणारी गुणपत्रिका मला तरी करता आली नाही, आणि करू नये असे माझे मत झाले आहे. विषयवार गुण लिहावेत, वर तपासणीची तारीख लिहावी.

तारखेचे महत्त्व सांगतो. सरांना जिथे अंगणात सही करावी लागली, त्या कचेरीत आज नवा उतार आहे. बारास एक. मध्ये विसाव्याची सपाट जागा, स्टीलचा कठडा. मी स्वतः पाणसळ लावून पाहिले, बांधणाऱ्याने काम चोख केले आहे. गेल्या दिवाळीनंतर तिथे गेलो तेव्हा उताराच्या तोंडाशी सहा स्कूटर उभ्या होत्या. त्या दिवसापुरता त्या उताराचा गुण शून्य.

आता कायद्याविषयी थोडे. भारताने संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार २००७ साली मान्य केला. त्याला अनुसरून २०१६ चा कायदा झाला व एप्रिल २०१७ मध्ये अमलात आला. त्याच्या ४४ व्या कलमानुसार सुगम्यतेचे निकष न पाळणाऱ्या नव्या इमारतीला बांधकामाची परवानगी वा पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. ४५ व्या कलमाने अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारतींना नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. नियम जून २०१७ मध्ये आले. मुदत २०२२ मध्ये संपली. दरम्यान ३ डिसेंबर २०१५ रोजी ‘सुगम्य भारत अभियान’ सुरू झाले, शहरोशहरी सरकारी इमारतींची तपासणी झाली, कित्येक ठिकाणी उतार व लिफ्टही आल्या. हे काम झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल.

परंतु याच क्षेत्रातील एक निकाल मला सरांच्या पठडीतला वाटतो. राजीव रातुरी या दृष्टिहीन नागरिकाने २००५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तीवर डिसेंबर २०१७ मध्ये निर्देश दिले गेले, तरी प्रकरण पुढे चालूच राहिले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितले की २०१७ च्या नियमांतील १५ (१) हा नियम मूळ कायद्याशी विसंगत आहे. कायदा म्हणतो निकष सक्तीचे. नियम ज्या मार्गदर्शक पुस्तिकांकडे बोट दाखवतो त्या मात्र शिफारशीच्या स्वरूपाच्या. तेव्हा किमान सक्तीचे निकष कोणते ते वेगळे काढून तीन महिन्यांत लिहा, असा आदेश झाला. याचा मी माझ्या भाषेत अर्थ लावतो तो असा, की प्रत्येक विषयात उत्तीर्ण होण्याचे किमान गुण आधी ठरवा, वरच्या श्रेणीची चर्चा नंतर. याचिकेच्या वर्षापासून या वाक्यापर्यंत यायला एकोणीस वर्षे लागली.

‘जुन्या वास्तूंत हे जमत नाही’, असा आक्षेप आमच्या शहरात हमखास येतो. सयाजीराव महाराजांच्या काळातील वास्तू आपल्या अभिमानाचे विषय आहेत, त्यांना हात लावताना जपलेच पाहिजे. तरीही २००१ च्या जानेवारीतील एक घटना सांगतो. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीस आले होते. त्यांना स्मारके पाहायची होती. अपंगांच्या चळवळीतले जावेद अबिदी यांनी हा विषय लावून धरला, आणि कुतुबमीनारासह काही स्मारकांवर पाहता पाहता लाकडी उतार उभे राहिले. एकाही दगडाला धक्का लागला नाही. आणि महाराजांविषयीच बोलायचे तर, ज्यांनी १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ग्रंथालये गावोगावी नेली, त्यांच्या वास्तूंच्या पायऱ्यांचा आधार घेऊन एखाद्याला दाराबाहेर ठेवणे मला तरी शोभत नाही असे वाटते.

आता शेवटची एक गोष्ट, आणि ती जरा अवघड आहे. या व्याख्यानाचे निमंत्रण आल्यावर मी गेल्या रविवारी एकटाच शाळेत येऊन गेलो. मुख्याध्यापकांची अनुमती घेतली होती. फाटक उत्तम आहे. अंगण सपाट, पेव्हर ब्लॉक थोडे उखडलेले. मुख्य दारात चार पायऱ्या, उजवीकडे उतार. तो आठास एक भरला. तळमजल्यावरच्या वर्गखोल्यांना दीड इंचाचे उंबरठे. चाकांच्या खुर्चीला योग्य असे शौचालय नाही. ज्या सभागृहात आपण सारे आत्ता बसलो आहोत ते पहिल्या मजल्यावर आहे, वर यायला बावीस पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. खाली उतरून जाताना आपण त्या मोजून पाहाव्यात. सरांची पहिली स्मृतिसभा २००५ साली याच सभागृहात झाली होती. त्या वेळी त्यांच्या वयाचे दोन सहकारी शिक्षक खाली कार्यालयात बसून ध्वनिक्षेपकावर भाषणे ऐकत होते. आम्ही त्यांना चहा नेऊन दिला होता आणि आपण त्यांची चांगली व्यवस्था केली असे आम्हाला वाटले होते.

मी मापे लिहून मुख्याध्यापकांकडे दिली आहेत. त्यात अंध, बहिरे व मंदगती विद्यार्थ्यांचे रकाने मी रिकामे ठेवले आहेत. ते माझ्याने भरून होणार नाहीत. आमच्या शिक्षिका व ते खुर्चीवाले गृहस्थ यांनी येत्या रविवारी सकाळी आठ वाजता येण्याचे कबूल केले आहे. नववी-दहावीच्या ज्या विद्यार्थ्यांना यायचे असेल त्यांनी वही आणि पन्नास फुटी टेप आणावी. पाणसळ मी आणतो. मुख्य दारातला उतार बारास एक करायचा तर किती लांबी लागेल आणि ती अंगणात कशी बसवायची, हे उदाहरण मी मुद्दाम सोडवलेले नाही.